एका पाटीच्या दोन भाषा

न्यूझीलंडमधल्या ओराकुरा गावच्या डच क्लबचं छप्पर ऑगस्टमधल्या वादळात उडालं आणि दोन कुरणं ओलांडून शेणाच्या तळ्यात जाऊन पडलं. आत अकरा म्हातारे पत्ते खेळत होते. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. हातातला डाव पुरा करूनच आम्ही उठलो, असं लेन्डर्टकाका अजून सांगतात. त्यांची बायको माचेकाकू शेजारी असल्या की लगेच म्हणतात, उठले, कारण पत्तेही उडाले.

बिनछपराच्या क्लबला जिल्हा परिषदेनं जागा दिली ती जुन्या डेअरीच्या हॉलमध्ये. तो हॉल आधीपासून आमच्या माओरी म्हाताऱ्यांच्या मंडळाकडे होता. सकाळी तिथं बालवाडी भरते. तिच्यात मुलांशी माओरीतच बोलायचं असा नियम आहे. दुपारी बायका टोपल्या विणतात, आणि संध्याकाळी कुणाचा तरी वाढदिवस किंवा कुणाचं तरी भांडण असतं. मंडळाचे प्रमुख हाकोपा. त्यांना सगळं गाव कोरो म्हणतं, कोरो म्हणजे आजोबा. नातवंडं असोत नसोत.

हॉलची किल्ली माझ्याकडे. माझं नाव हुरिआना. आई कोरोंच्या भावकीतली, वडील हॉलंडहून आलेले, दूध काढायच्या कामावर. त्यामुळे मला दोन्ही भाषा येतात, आणि काम असलं की दोन्हीकडचे मला आपली म्हणतात. चूक झाली की मी पलीकडची होते.

जागा मिळाली तशी दारावर नवी पाटी लावायची ठरली. परिषदेच्या ग्लेनिसबाईंचं पत्र आलं: पाटीवर दोन्ही भाषांना समान जागा मिळावी. झगडा इथून सुरू झाला. लेन्डर्टकाकांनी हॉलसाठी जो डच शब्द काढला तो सोळा अक्षरांचा होता आणि उच्चारताना मध्ये दोनदा खाकरावं लागायचं. कोरोंनी सुचवलेल्या माओरी नावाची अक्षरं आठ. समान जागा द्यायची तर कोरोंची अक्षरं बैलाएवढी आणि लेन्डर्टकाकांची मुंगीएवढी होणार. काकांनी तक्रार केली. ग्लेनिसबाईंनी दुसरं पत्र पाठवलं: अक्षरांचा आकारही समान असावा. मग कोरोंनी तक्रार केली, कारण आता डच शब्द फळीच्या दोन्ही टोकांबाहेर जात होता आणि त्यांचा अर्ध्यातच संपत होता. तिसऱ्या पत्रात ग्लेनिसबाईंनी लिहिलं की दोन्ही भाषांमधला समान लांबीचा शब्द शोधावा, शक्य तर एकच शब्द शोधावा, आणि त्यासाठी दोन्ही भाषांची तुलना करणारी समिती नेमावी. समितीत दोन सभासद, काका आणि कोरो, आणि एक चिटणीस. चिटणीस मी.

पहिल्याच बैठकीत दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं, पाटीवर इंग्रजी नको. त्या आनंदात त्यांनी आणखी एक ठराव केला की बैठकीतही इंग्रजी नको. ज्यानं त्यानं आपापल्या भाषेत बोलावं, हुरी सांगेल. मी म्हटलं, तुम्ही दोघं तीस वर्षं एकमेकांशी इंग्रजीत भांडताय, आता काय बिघडलं? कोरो म्हणाले, "भाषांची तुलना आहे पोरी. तिसऱ्याला मध्ये घेऊन दोघांची उंची मोजत नाहीत."

दर गुरुवारी सकाळी दहाला, बालवाडीची मुलं मागच्या अंगणात गेली की आम्ही त्यांच्या फळ्यासमोर बसायचो. खुर्च्या मुलांच्याच होत्या, वीतभर उंचीच्या. लेन्डर्टकाका सहा फूट चार इंच. ते बसले की त्यांचे गुडघे कानांच्या पातळीला यायचे आणि त्या अवस्थेत ते आपल्या भाषेचा मान सांभाळायचे.

पहिला मुद्दा काकांनी मांडला. ते हॉलंडच्या झीलँड प्रांतातले. न्यूझीलंड हे नावच त्यांच्या प्रांतावरून पडलंय, तेव्हा पाटीवर पहिला हक्क डचचा. मी हे माओरीत सांगितलं. कोरोंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"त्याला सांग, साडेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वी त्यांचा डच कप्तान जहाज घेऊन आला होता तेव्हा आमच्या लोकांनी शिंग फुंकलं. ते युद्धाचं आव्हान होतं. त्याला वाटलं गाणं आहे, म्हणून त्यानंही तुतारी वाजवली. मग चकमक झाली, त्याची चार माणसं मेली, आणि पाय न टेकवता तो निघून गेला. पाय न टेकवता ठेवलेलं नाव नकाशावर ठीक आहे. दारावर नको."

काका म्हणाले, तुतारी मात्र चांगली वाजवली असणार. तिथं पहिली बैठक संपली.

यानंतरचे तीन महिने मी लिहिलेली इतिवृत्तं आज वाचली तर माझं मलाच हसू येतं. कारण होतं एक टीचभर शब्द. डचमध्ये नकार द्यायचा तर 'नेऽ' म्हणतात. माओरीत वाक्याच्या शेवटी 'नेऽ' लावलं की त्याचा अर्थ 'हो ना?' असा होतो. आमच्या भागात माओरी लिहिताना लांब स्वर दोनदा लिहितात, डचही तसंच लिहितात. म्हणजे कागदावर दोन्ही शब्द सारखेच. एकाचा ना विचारण्याचा, दुसऱ्याचा ना नाकारण्याचा. मी मोठमोठी वाक्यं भाषांतर करून सांगायची, पण असल्या शेपटाचं कोण भाषांतर करतो? शिवाय आमच्या घरात दोन्ही चालायचं. बाबा म्हणाले तर नाही, आई म्हणाली तर हो ना. कोण बोलतंय ते पाहून अर्थ लावायचा, हे मी चालायच्या आधी शिकले होते. त्यात काही गोंधळ असू शकतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

गोंधळ व्हायचा तो असा. कोरो म्हणायचे, दार गेरूच्या लाल रंगानं रंगवावं, नेऽ? काका ऐकायचे की आता हाच नको म्हणतोय, आणि खूश व्हायचे. मग काका आपला नकार देत, "नेऽ." कोरोंना वाटायचं, हा विचारतोय, हो ना? ते म्हणत, हो तर. मी लिहायची: ठराव एकमतानं मंजूर.

बाराव्या गुरुवारी काका आले तर दार लालभडक. त्यांनी दाराला हात लावून पाहिला. रंग ओला होता. तो हात तसाच धरून ते आत आले आणि म्हणाले, मी तीनदा नाही म्हटलं होतं. कोरो म्हणाले, तू तीनदा हो ना म्हणून विचारलंस, मी तीनदा हो म्हटलं, माझा तर घसा सुकला. मी इतिवृत्त काढलं. कागदावर 'नेऽ' सात ठिकाणी होतं. ते कुणाचं कुठलं, मलाच सांगता येईना.

त्या दिवशी दोघंही माझ्यावर रागावले. आणि त्या रागाच्या भरात, मला वाटतं, प्रथमच एकमेकांच्या बाजूनं बोलले.

पुढचा अडथळा याहून मोठा होता. काका म्हणाले, आम्ही आता नीट नियम करू. मी ते माओरीत सांगायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. माओरीत 'आम्ही' वेगळं आणि 'आपण' वेगळं, त्यातही दोघांचं वेगळं आणि पुष्कळांचं वेगळं. डचमध्ये सगळ्यांना मिळून एकच शब्द. मी काकांना विचारलं, आम्ही म्हणजे कोण? तुम्ही डच लोक, की तुम्ही दोघं, की मीसुद्धा धरून आपण सगळे?

काका म्हणाले, "आम्ही म्हणजे आम्ही. त्यात काय?"

कोरोंनी काय अडलंय ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "म्हणजे हे लोक बोलताना समोरचा आत आहे की बाहेर, ते सांगतच नाहीत?"

"नाही सांगत."

"मग समोरच्याला कळतं कसं, थांबायचं की निघायचं?"

मी हे काकांना सांगितलं. ते म्हणाले की आमच्याकडे ते कळायला बरीच वर्षं लागतात, आणि कधीकधी कळतच नाही. कोरोंनी ठरवलं की काका आत कोण, बाहेर कोण ते सांगत नाहीत तोवर एकही ठराव लिहायचा नाही. काकांचं म्हणणं, मतदान झाल्याशिवाय आत कोण ते मी कसं सांगू? यावर पाच गुरुवार गेले. मध्ये नाताळ येऊन गेला.

फळ्यावर मात्र शब्द साठत होते. सारखे दिसणारे शब्द आम्ही लिहून ठेवायचो, उपयोगी पडतील म्हणून. डचमध्ये 'आऊ' म्हणजे दुखलं की तोंडातून निघतं ते, माओरीत 'आऊ' म्हणजे मी. कोरोंना हे फार आवडलं. म्हणाले, हे लोक बोट चेचलं की स्वतःची ओळख करून देतात. मग के-ओ-ई. माओरीत हे कोए, म्हणजे तू. डचमध्ये तीच अक्षरं कू वाचतात, आणि कू म्हणजे गाय. कोरो तीस वर्षं काकांना नाताळची कार्डं पाठवत होते आणि प्रत्येकावर माओरीत 'तू कसा आहेस' असं लिहीत होते. काकांनी घरी जाऊन ती सगळी कार्डं काढली आणि पुढच्या गुरुवारी गठ्ठा टेबलावर ठेवला. कोरोंनी एकेक उलटून पाहिलं आणि विचारलं, "मग इतकी वर्षं तुला काय वाटत होतं?"

"मला वाटायचं, तू माझ्या गाईची चौकशी करतोस," काका म्हणाले. "मी मनात म्हणायचो, बरा माणूस आहे."

जानेवारीत उन्हाळ्याच्या सुटीत काकांच्या दोन नाती हॅमिल्टनहून राहायला आल्या. वय सहा आणि आठ. त्यांना डचमधला एकच शब्द येत होता, ओमा, म्हणजे आजी. हॉलच्या अंगणात पाय ठेवताच त्यांना माचेकाकू खिडकीत दिसल्या आणि दोघी एका सुरात ओरडल्या, "ओमाऽ!"

माओरीत ओमा म्हणजे पळ.

बालवाडीत उन्हाळी वर्गाची एकोणीस मुलं होती आणि गुणी होती. सांगितलेलं ऐकायची. ती उठली आणि पळाली. फाटक उघडं होतं. पहिली आठ कुरणात गेली, गाई बुजल्या, गाईही पळाल्या. उरलेली डांबरी रस्त्याच्या दिशेनं. शिक्षिका रंगीहुइया 'थांबा' म्हणून ओरडत मागे, तिच्या मागे टोपल्या विणायला लवकर आलेल्या बायका, त्यांच्या मागे पत्ते हातात धरून डच क्लब. नातींना वाटलं, सगळे आपल्या आजीला भेटायला एवढे उत्सुक आहेत. त्या अजून जोरानं ओरडायला लागल्या. दूध नेणारा टँकर वळणावर थांबला होता म्हणून बरं. मुलं सापडायला चाळीस मिनिटं लागली. शेवटचा एक मुलगा गाईच्या कळपात मिसळून दूध काढायच्या शेडपर्यंत पोचला होता, आणि शेडवाल्यानं त्याला ओळीत उभं केलं होतं.

तातडीची बैठक बसली. मी मत मांडलं की हॉलच्या आवारात तो शब्द वापरू नये. माचेकाकू सहसा बैठकीत बोलत नसत, पण त्या दिवशी उभ्या राहिल्या.

"लेन्डर्टनं मला नावानं हाक मारून वीस वर्षं झाली," त्या डचमध्ये म्हणाल्या. "तो मला ए म्हणतो. मुलं लांब गेली, ती फोनवर काही म्हणतच नाहीत. मला आता एकच नाव उरलंय. तेही काढून घेणार असाल तर आधी दुसरं द्या."

मी हे माओरीत सांगेपर्यंत काका आपल्या बुटांकडे बघत होते. कोरोंनी निकाल दिला: आजीला आजी म्हणायचं. मुलं पळायची तर पळतील, पळणं मुलांना चांगलंच असतं. फाटकाला कडी लावा. आणि लेन्डर्टनं बायकोला नावानं हाक मारावी, हा ठराव त्यांनी स्वतः मांडला. काका 'नेऽ' म्हणाले. मी सरळ मंजूर लिहिलं.

माझी इतिवृत्तं परिषदेत कुणीतरी वाचत होतं, हे मला मार्चमध्ये कळलं. ग्लेनिसबाईंचा फोन आला. कोण कशाला हो म्हणतंय तेच समजत नाही, म्हणून विद्यापीठातून भाषांचे तज्ज्ञ पाठवतोय, असं त्या म्हणाल्या. तज्ज्ञ आले ते डॉ. प्रॉसर. सभ्य माणूस, चाळिशीचा, सायकलवाल्यांसारखी पँट घालणारा. त्यांनी आमच्या फळ्याशेजारी आपला तक्ता टांगला आणि अर्धा तास समजावून सांगितलं. माओरीत व्यंजनं दहा, प्रत्येक अक्षर स्वरावर संपतं. डचमध्ये शरद ऋतूचा शब्दच चार व्यंजनं एकमेकांवर आपटत संपतो. एकीत क्रियापद सुरुवातीला येतं, दुसरीत ते कुठंही लपून बसतं. एक भाषा समुद्रातल्या बेटाबेटांवर वाढली, दुसरी समुद्र हटवून केलेल्या जमिनीवर. दोघींचं काही नातं नाही, कधीच नव्हतं. फळ्यावरचे आपले शब्द निव्वळ योगायोग.

एवढं सगळं ते इंग्रजीत बोलले. कुणी अडवलं नाही, पाहुणे होते. पण मग ते हसून म्हणाले की अशा वेळी तिसरी, तटस्थ भाषा बरी पडते, तेव्हा पाटी इंग्रजीतच करावी अशी शिफारस मी करेन.

सहा महिने हे दोघं एकमेकांना हेच पटवत होते की तुझ्या माझ्यात काही सारखं नाही. आता तेच तिसऱ्या माणसानं सांगितल्यावर दोघांचे चेहरे असे झाले, जसं कुणी त्यांच्या घरात येऊन त्यांच्याच भावाला शिव्या द्याव्यात.

लेन्डर्टकाका त्या वीतभर खुर्चीतून उठले. उठायला वेळ लागला. त्यांनी बोट आधी कोरोंकडे केलं, मग स्वतःकडे, आणि म्हणाले, "माउआ. माउआ ठरवू."

वाक्याचा उरलेला भाग डच होता. पण माउआ हा माओरी शब्द. त्याचा अर्थ आम्ही दोघं, आणि ज्याच्याशी बोलतोय तो त्यात नाही. चार पर्यायांमधून त्यांनी नेमका तो उचलला होता. कोरोंनी टोपी काढली, पुन्हा घातली. मला भाषांतर करायला कुणी सांगितलं नाही.

डॉ. प्रॉसर भाषेचे माणूस होते, त्यांच्या ते लक्षात आलं. त्यांनी उत्सुकतेनं विचारलं की तुम्हाला एकमेकांचं बोलणं कळतं का?

"सगळं कळतं," कोरो इंग्रजीत म्हणाले. हे धडधडीत खोटं होतं. "दोन्ही भाषा सख्ख्या आहेत. तुमच्या तक्त्यात जागा कमी पडली असेल."

मग चाचणी घ्यायची ठरली. चिठ्ठ्या गाडीत होत्या, त्या आणायला ते बाहेर गेले. खोलीत आम्ही तिघंच उरलो. कोरो फळ्याकडे बघत बसले होते. ते इंग्रजीतच बोलले, हळू आवाजात, नियम त्यांनीच केलेला असूनसुद्धा.

"मी सात वर्षांचा असताना शाळेत पाणी मागितलं. माओरीत. मास्तरांनी वेताच्या छडीनं मारलं. मग मी इंग्रजीत पाणी मागायला शिकलो, आणि पुढे माझ्या मुलांनाही इंग्रजीतच मागायला शिकवलं. मार त्यांना बसायला नको म्हणून."

काका म्हणाले, आम्ही बोटीतून उतरलो तेव्हा एक साहेब आला होता, चांगला होता बिचारा, त्यानं सगळ्यांना सिगारेट दिली. म्हणाला, भाषा पेटीतच ठेवा, मुलांचं भलं होईल. "आम्ही ठेवली. आता नाती येतात आणि मी त्यांच्याशी हवापाण्याचं बोलतो. पेटी माळ्यावर आहे."

मी हे इतिवृत्तात लिहिलं नाही. दोघांनी तसं सांगितलं नव्हतं, पण पेन मी खाली ठेवलं होतं.

डॉ. प्रॉसर चिठ्ठ्या घेऊन आले. त्यांनी एक कोरोंना दिली. तिच्यावर इंग्रजीत लिहिलं होतं: स्वयंपाकघरातून निळी बादली आणायला सांगा. मला तोंड बंद ठेवायची सूचना होती. कोरोंनी चिठ्ठी वाचली, घडी केली, खिशात ठेवली आणि काकांना माओरीत स्पष्ट आवाजात सांगितलं. बादली हा शब्द त्यांनी दोनदा म्हटला. हातवारे नाहीत, नजरही हलवली नाही. कोरो प्रामाणिक माणूस, मघाशी एक खोटं बोलून झालं होतं तेवढंच.

काकांनी डोकं एका बाजूला कलवलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, अकरा वाजले होते. मग ते स्वयंपाकघरात गेले. भांड्यांचे आवाज आले. डॉ. प्रॉसर वहीत काहीतरी लिहीत होते. मी देवाला, आईच्या आणि वडिलांच्या दोन्ही, हात जोडले.

सात मिनिटांनी काका परत आले. हातात चहाचा कप. तीन चमचे साखर, दूध वरपर्यंत, बशीत दोन आल्याची बिस्किटं. त्यांनी तो कोरोंपुढे ठेवला.

डॉ. प्रॉसर हळहळले. "माफ करा, पण मागितली होती बादली."

कोरोंनी बिस्कीट चहात बुडवलं. ते म्हणाले, "बादली तुम्हाला हवी होती. मला चहा हवा होता. त्याला बरोबर कळलं."

डॉ. प्रॉसरनी वहीतलं एक वाक्य खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं. शेवटी वही मिटून त्यांनी विचारलं की आणखी एक कप मिळेल का. त्यांचा अहवाल पुढे महिन्यानं आला. भाषांचा संबंध सिद्ध होत नाही, असं त्यात होतं. इंग्रजी पाटीची शिफारस मात्र नव्हती.

त्याच दुपारी शब्द सापडला. ते गेल्यावर काका भिंतीला टेकून जमिनीवरच बसले आणि डचमध्ये म्हणाले, "मू." म्हणजे दमलो. कोरोंनी त्यांच्याकडे बघून माओरीत म्हटलं, "मोए." म्हणजे झोप. मी सवयीनं दोन्ही फळ्यावर लिहिले, एकाखाली एक. एम-ओ-ई. एम-ओ-ई. अक्षरं तीन, लांबी सारखी, आकार सारखा, आणि अर्थसुद्धा एकाच खोलीतले. तिघंही फळ्याकडे बघत राहिलो. कोरो म्हणाले, हे नाव हॉलला शोभत नाही. काका म्हणाले, अजिबात नाही. मग दोघांनी हात वर केले.

ग्लेनिसबाईंनी फोनवर मला तीन वेळा विचारलं की तुमच्या सभागृहाचं नाव खरंच 'दमलो झोप' असं ठेवायचंय का. त्यांच्याच पत्राप्रमाणे झालं होतं सगळं, त्यांना नाही म्हणता येईना. एप्रिलमध्ये पाटी लागली. सुतारानं फळी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, बाकीची अक्षरं कुठंयत? उद्घाटनाला गावजेवण झालं. काकांनी केलेलं चीज आणि कोरोंच्या घरच्यांनी जमिनीत पुरून भाजलेलं डुकराचं मांस एकाच ताटात आलं. माचेकाकूंना काकांनी नावानं हाक मारली. त्यांनी मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी आहे का म्हणून.

त्यानंतर महिन्याभरानं, एका गुरुवारी भर दुपारी, दोन सायकलस्वार दारात येऊन उभे राहिले. नवरा-बायको, तिशीतले, केस इतके सोनेरी की जवळजवळ पांढरे, पावसानं चिंब. दारातच दोघं म्हणाले, "मोय!"

डचमध्ये मोय म्हणजे सुंदर. लेन्डर्टकाका पाटीकडे बघून विनयानं हसले आणि आभार मानले. माओरीत पूर्वी कुत्र्याला बोलावताना तसं म्हणायचे, कोरो अजूनही म्हणतात. त्यांची म्हातारी कुत्री टेबलाखालून उठली आणि थेट त्या दोघांपाशी जाऊन बसली. झालं. काकांनी कुत्री पाहिली, कोरोंनी काकांचं आभार मानणं पाहिलं, आणि पाहुणे दुसऱ्याचेच अशी दोघांचीही खात्री पटली.

आत इंग्रजी बोलायचं नाही हा नियम दाराच्या आतल्या बाजूला अजून चिकटवलेला होता. पाहुण्यांनी तो वाचला, मान डोलावली आणि आपल्या भाषेत सुरुवात केली. नुसते स्वर, लांबच लांब, एकामागून एक. काका माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "हे कुठल्या भागातलं माओरी? माणसं गोरीपान आहेत, पण शिकलेली दिसतात." ते गेले तसे कोरो आले. "हे लेन्डर्टच्या कुठल्या जिल्ह्यातले गं? डच इतकं गोड असतं हे मला माहीत नव्हतं." प्रत्येकाला वाटत होतं की आपल्याला कळत नाही हे दुसऱ्याला कळायला नको. त्यामुळे दोघंही मान डोलावत होते.

कोरोंनी कपाटातून गाद्या काढल्या, कारण पाटी वाचून माणसं झोपायलाच आली असणार. काकांनी सूप गरम केलं, कारण माणसं दमलेली असणार. दोघांचंही बरोबर होतं. पाहुणे दोन दिवस राहिले. संध्याकाळी पत्त्यांना चौथा भिडू मिळाला. बाई टोपली विणायला बसली आणि तिची टोपली रंगीहुइयाच्या टोपलीपेक्षा सरळ आली. कोरोंनी त्यांना आपल्या पणजोबांची सबंध वंशावळ ऐकवली. काकांनी छपराची गोष्ट सांगितली. पाहुणे योग्य ठिकाणी हसले आणि योग्य ठिकाणी गप्प झाले.

वहीत नाव-गाव लिहायला मी त्यांना बाहेर व्हरांड्यात नेलं. ते फिनलंडचे होते, आणि त्यांच्याकडे मोय म्हणजे नमस्कार. मी लिहून घेतलं आणि वही कपाटात ठेवून दिली.

शनिवारी सकाळी ते निघाले. काका आणि कोरो फाटकापर्यंत पोचवायला गेले. सायकली वळणापलीकडे दिसेनाशा झाल्यावर काका इंग्रजीत म्हणाले, रस्त्यावर चालत होतं ते, "तुझी माणसं फार चांगली आहेत, हाकोपा."

कोरोंनी फाटकाची कडी लावली. मग म्हणाले, "तुझीही."

दोघं आत आले आणि चादरी कुणाच्या मशीनमध्ये धुवायच्या यावर भांडायला लागले.